दातांच्या खुर्चीतली लेन्स

"पेशंटचं नाव?" शालनताईंनी केसपेपर पुढे ओढत विचारलं.

"माझं की हिचं?" मी टॉवेलात गुंडाळलेली लेन्स वर उचलून दाखवली.

 शालनताईंनी आतल्या दाराकडे बघितलं. दारात डॉक्टर मुळ्ये उभे होते. उंच, काटकुळे, मास्क हनुवटीवर ओढलेला. त्यांनी आधी टॉवेलाकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

"दोघींचं लिहा," ते म्हणाले.

"शर्वरी," मी म्हणाले. आडनाव मात्र आयत्या वेळी सुचलं. "साठे."

"साठे म्हणजे कुठले?"

"लांबचे."

माझं नाव दर्शना भुवड. डॉक्टर मुळ्यांचा मुलगा श्रीरंग आणि मी, आमचं दोन वर्षं चालू होतं आणि ते डॉक्टरांना सांगितलेलं नव्हतं. श्रीरंग पुण्यात एका कंपनीत होता. वडिलांना सांगतो असं तो दिवाळीत म्हणाला होता, मग संक्रांतीत, मग शिमग्यात. आता मे महिन्यात नक्की, असं ठरलं होतं. आई तो कॉलेजात असताना गेली होती, घरात दोघंच. वडील कमी बोलतात, एकदा नाही म्हणाले की नाही, असं त्याच्याकडून इतक्यांदा ऐकलं होतं की देवरुखात आले तरी मी त्यांच्या दवाखान्याच्या गल्लीत पाऊल टाकत नसे. आणि त्या दिवशी सकाळी साडेनऊला मी त्यांच्यासमोर उभी होते, श्रीरंगचीच लेन्स हातात घेऊन, खोट्या नावानं.

झालं असं होतं. देवरुखपासून अकरा किलोमीटरवर एका देवराईत, जुन्या बेहड्याच्या ढोलीत, महाधनेशाची मादी फेब्रुवारीपासून स्वतःला कोंडून बसली होती. हे पक्षी असंच करतात. मादी ढोलीत शिरते, माती आणि विष्ठेनं दार लिंपून घेते, चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते, आणि नर तीन महिने बाहेरून फळं आणून भरवतो. मी तेव्हा रत्नागिरीच्या एका स्टुडिओत लग्नाचे फोटो काढत असे. सुट्टी मिळाली की स्कूटर घेऊन इथं. मला मादी बाहेर पडतानाचा फोटो हवा होता. तो क्षण वर्षातून एकदाच येतो, आणि कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही.

त्या सकाळी सव्वाआठला ती आतून भिंत ठोकायला लागली. मी कॅमेऱ्याची तिपाई जरा पुढे सरकवायला गेले, तिचा एक पाय जांभ्याच्या चिऱ्यावरून घसरला आणि लेन्स तोंडावर पडली. कॅमेरा वाचला. लेन्सच्या पुढे संरक्षणाला म्हणून बसवलेला काचेचा फिल्टर फुटला, त्याची कडी चेपली, आणि फुटलेली काच लेन्सच्या पुढच्या काचेवर बसली. हात लावावा तर तुकडे घासून लेन्सवर ओरखडे. न लावावा तर समोर नुसतं कोळ्याचं जाळं. देवराईचा राखणदार बाळा गुरव म्हणाला, "ताई, तू जा, काय ते करून ये. ती घाई करायची नाय. मी फोन करतंय." बाजारातल्या घड्याळवाल्यानं कडीला हात लावून बघितला आणि मान हलवली. एवढी बारीक हत्यारं गावात एकाच माणसाकडे आहेत, म्हणाला. मी विचारलं, कोणाकडे? तो म्हणाला, मुळ्ये डॉक्टर.

मी गल्लीच्या तोंडाशी पाच मिनिटं उभी राहिले. मग शर्वरी झाले.

डॉक्टरांच्या खुर्चीत तेव्हा सावंत गुरुजी बसले होते. सत्तरीचे, निवृत्त मास्तर. दाढ काढायची म्हणून त्यांना नुकतंच इंजेक्शन दिलेलं होतं. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, भूल चढेपर्यंत बाकावर बसाल का? गुरुजी आनंदानं उठले. दाढ जेवढी लांबेल तेवढी त्यांना हवीच होती. मग डॉक्टरांनी खुर्चीवर स्वच्छ कापड टाकलं, लेन्स तोंड वर करून त्यावर ठेवली, दोन्ही बाजूंनी टॉवेलांच्या गुंडाळ्या लावल्या आणि वरचा दिवा खाली ओढला.

त्यांनी लेन्स बराच वेळ बघितली. कडीवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"हं," ते म्हणाले. "कोणाची?"

"मैत्रिणीची."

"काय करते मैत्रीण?"

"पुण्याला असते. कंपनीत."

"बरं." त्यांनी मास्क वर घेतला. "शालनताई, लिहा. तक्रार, पुढची काच फुटलेली. किती दिवस?"

"सव्वा तास," मी म्हणाले.

शालनताईंनी खरंच लिहिलं. मला हसू यायला लागलं. भीतीनं येतं तसलं, पोटातून वर चढणारं. श्रीरंगनं सांगितलेला माणूस कुठला आणि हा कुठला, तेच कळेना.

डॉक्टर काम करत असताना मात्र मी हसणं विसरले. शालनताईंनी लाळ ओढायची नळी धरली आणि डॉक्टर चिमट्यानं एकेक तुकडा उभा उचलायला लागले. तुकडा सुटला की त्याची भुकटी नळी ओढून घ्यायची, लेन्सवर कणही पडत नव्हता. जगात कुठल्याही कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे अशी सोय नसेल. मी तसं म्हणाले. डॉक्टर मास्कच्या आड हसले असावेत, त्यांचे कान जरा वर झाले.

"फिल्टर होता म्हणून लेन्स वाचली," ते थोड्या वेळानं म्हणाले.

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. कुणाच्या दवाखान्यात उभी आहे, काय पणाला लागलंय, सगळं माहीत होतं. पण हा विषय निघाला की माझ्याच्यानं राहवत नसे. मी म्हणाले, तसं काही नाही. ही पातळ काच आहे, ती फुटणारच. लेन्सची पुढची काच बोटभर जाड असते, ती एवढ्याशा पडण्यानं फुटलीच नसती. उलट आता धोका आहे तो याच तुकड्यांचा. शिवाय फिल्टर असला आणि समोरून उजेड आला की फोटोत हिरवे डाग पडतात. लेन्सवरून परत फिरलेला प्रकाश या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत येतो. जानेवारीत नराचा फोटो मिळाला होता, अगदी डोळ्यात डोळा, आणि त्याच्या चोचीत हिरवा गोळा. स्टुडिओतली माणसं विचारत होती, पोपट गिळतोय का म्हणून.

बाकावरून गुरुजी खिदळले. त्यांचा अर्धा ओठ आता बधिर झाला होता. "फण फोरी," ते म्हणाले, "फिल्टर हवाच. मी चष्म्यालाफण कव्हर घालतो."

"कव्हर घालून बघता का, गुरुजी?" मी विचारलं.

गुरुजी विचारात पडले.

"मग काढून का नाही टाकलात?" डॉक्टरांनी विचारलं. ते वाकलेलेच होते.

"निघत असता तर काढला नसता का? दोन वर्षं खटपट करतेय. रबर लावून बघितलं, फ्रीजमध्ये ठेवून बघितलं. ज्या कुणी शहाण्यानं हा बसवलाय, त्याला लेन्समधलं काही कळत नसणार. माणसानं वस्तू एवढी घट्ट बसवायची असते का?"

शालनताईंच्या हातातली नळी किंचित हलली. डॉक्टर म्हणाले, "नळी नीट धरा, ताई."

काच सगळी निघाली. आता चेपलेली कडी. डॉक्टरांनी लेन्सच्या काचेवर मेणाचा पातळ पत्रा अंथरला, मशीनचं पाणी बंद करायला लावलं आणि बारीक टोकाच्या ड्रिलनं कडीला खाच पाडायला सुरुवात केली. तो आवाज ऐकून गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

"काळजी म्हणून बसवला असेल," डॉक्टर मशीनच्या आवाजावरून म्हणाले. "महाग वस्तू. मुलं कुठंही ठेवतात, आपटतात."

"चांगल्या दातावर तुम्ही टोपी बसवता का, डॉक्टर?"

ड्रिल थांबलं. खोलीत फक्त नळीची सूं सूं राहिली. मला वाटलं, झालं. एवढं आयुष्य एका वाक्यात घालवलं.

"मागितली तरी नाही बसवत," ते म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही." त्यांनी ड्रिल पुन्हा चालू केलं आणि लेन्सकडे वाकून, सवयीनंच, म्हणाले, "आता थोडं दाबल्यासारखं वाटेल हं."

मी भिंतीकडे तोंड करून हसले. मागून शालनताईंचंही हसू ऐकू आलं.

दुसरी खाच पाडून त्यांनी चिमट्यानं कडी आत वळवली. टक असा आवाज झाला आणि दोन वर्षं न हललेली कडी वाकड्या बांगडीसारखी त्यांच्या हातात आली. आट्यांमध्ये पांढरं काहीतरी भरलेलं होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"गंज."

"ॲल्युमिनियमला असला गंज चढत नाही."

"देवरुखच्या हवेत चढतो," असं म्हणून त्यांनी कडी खिशात टाकली.

मेणाचा पत्रा काढून आम्ही दोघांनी दिव्याखाली लेन्स तिरपी करून बघितली. काच स्वच्छ होती, फक्त कडेला केसाएवढा एक ओरखडा. मी म्हणाले, बघा, हा फिल्टरच्या तुकड्यानं पडला. ते म्हणाले, बघा, फिल्टर नसता तर हा मधोमध पडला असता. दोघंही आपापल्या जागी खूश होतो तेवढ्यात माझा फोन वाजला. बाळा कुजबुजत होता. भिंत अर्धी उतरली होती, मादीचं डोकं दिसत होतं.

मी लेन्स टॉवेलात गुंडाळली आणि पैसे किती ते विचारायचंही विसरून दाराकडे पळाले.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "स्कूटरवरून त्या रस्त्यानं जाल तर पुन्हा पाडाल. गाडी काढतो."

"पण गुरुजींची दाढ?"

गुरुजी तोवर चपला घालत होते. "दाढ फन्नास वर्षं जागेवर आहे," ते मोठ्या कष्टानं म्हणाले. "आणखी तासभर कुठं फळत नाही. मीफण येतो."

"भूल उतरेल गुरुजी."

"मग फुन्हा चढवा."

तो प्रवास मला अजून आठवतो तो तुकड्यातुकड्यांत. डॉक्टरांची जुनी पांढरी गाडी, ती चिऱ्यांच्या वाटेवर उडत चाललेली. मागच्या सीटवर एका गालानं हसणारे गुरुजी. मांडीवर लेन्स घट्ट धरून बसलेली मी, आणि प्रत्येक खड्ड्याला डॉक्टरांचं "सांभाळा", ते मला की लेन्सला ते कळत नव्हतं. मी दिशा सांगायच्या आत ते देवराईच्या फाट्याला वळले. इकडचे पेशंट येतात, म्हणाले. पायातली दवाखान्यातली रबरी चप्पल बदलायला ते विसरले होते आणि गळ्यात मास्क तसाच लोंबत होता. मला एकदम वाटलं, आत्ता सांगून टाकावं. सांगितलं नाही. घशापर्यंत आलेलं पुन्हा हसू होऊन बाहेर पडलं आणि मागे गुरुजीही कारण नसताना हसायला लागले.

बेहड्यापासून पन्नास पावलांवर हिरव्या जाळीचं माझं लपण होतं. आम्ही चौघं त्यात कसेबसे मावलो. बाळानं तिपाई लावूनच ठेवली होती. मी लेन्स चढवली आणि बघितलं. ढोलीची फट आता हातभर झाली होती. पिवळी चोच आतून भिंतीवर बसत होती, ठक, ठक, आणि वाळलेल्या मातीची ढेकळं खाली पडत होती. झाडाच्या मागून ऊन थेट लेन्समध्ये येत होतं. जानेवारीपासून ज्या उजेडानं माझे फोटो बिघडवले होते तोच उजेड, आणि आता चित्रात एकही डाग नव्हता. पिसांच्या कडा पेटल्यासारख्या दिसत होत्या.

वीस मिनिटं ती ठोकत राहिली. मग तिनं खांदा बाहेर काढला. मधे एक फांदी येत होती, चोचीवर बरोबर तिची सावली. मी वैतागून पुटपुटले.

"दर्शना," माझ्या कानाशी डॉक्टर हळूच म्हणाले, "जरा डावीकडे सरक."

मी सरकले. सरकल्यावर मला कळलं की त्यांनी काय हाक मारली.

मान वळवायची हिंमत नव्हती आणि वेळही नव्हता. समोर ती अर्धी बाहेर आली होती.

"डॉक्टर..." मी म्हणाले.

"फोटो काढ आधी."

मी काढला. ती बाहेर पडली ती एखादी गादी खिडकीतून ढकलल्यासारखी. शेपटीची पिसं मुडपलेली, अंग मळकट, तीन महिन्यांत पंख न पसरलेले. फांदीवर बसली आणि घसरली, पुन्हा बसली. मग तिनं पंख पसरले आणि उडाली. धनेश उडताना वाफेच्या इंजिनासारखा आवाज येतो, तो आमच्या डोक्यावरून गेला. पलीकडच्या झाडावरून नर ओरडला. माझं बोट बटणावरून निघत नव्हतं आणि डोळ्यांतलं पाणी कॅमेऱ्यावर पडत होतं. गुरुजींनी दोन्ही हात जोडले होते.

"आता तिकडे बघा," बाळा म्हणाला. ढोलीत मागे राहिलेल्या पिल्लाची चोच दिसत होती. ते आतून पुन्हा भिंत लिंपायला लागलं होतं.

मग मी वळले. डॉक्टर जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि खिशातून ती वाकडी कडी काढून बघत होते.

"कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"लेन्स बघितली तेव्हाच. हा फिल्टर मी बसवलाय. श्रीरंगला ही लेन्स घेतली तेव्हा. तो काढून काढून हरवायचा, दोन हरवले. तिसऱ्या वेळी मी आट्यांना आपलं सिमेंट लावलं. दातांचं."

 ज्या कुणी शहाण्यानं, हे माझे शब्द कानात वाजायला लागले.

"आणि माझं नाव?"

"दोन वर्षं तो मला पक्ष्यांचे फोटो पाठवतो. प्रत्येकाखाली लिहितो, दर्शनानं काढला. स्वतःचा एकही नाही. त्या हिरव्या गोळ्याचासुद्धा पाठवला होता." त्यांनी कडी उलटी केली. "मी रोज वाट बघायचो, आज बोलेल म्हणून. फोनवर हवापाणी विचारतो आणि ठेवतो. मीही तसाच. त्याची आई असती तर एका दिवसात काम झालं असतं."

 मी म्हणाले, मी भुवड आहे, लांज्याची. वडील एसटीत होते.

"केसपेपर दुरुस्त करायला लागेल मग," ते म्हणाले. कडी पुन्हा खिशात टाकून म्हणाले, "त्याला सांगू नको. आपण भेटलो ते. त्याला स्वतःला बोलू दे. एवढं एक धाडस त्यानं करायला हवं."

मी मान हलवली. डॉक्टरांनी बाळाकडे बघितलं, मग गुरुजींकडे. गुरुजी म्हणाले, "माझं तोंड पार बधिर आहे, मी काय बोलणार?" पण त्यातला एकही 'प' किंवा 'ब' घसरला नव्हता. भूल उतरली होती. परत गेल्यावर त्यांना दुसरं इंजेक्शन घ्यावं लागलं, तेही त्यांनी हसत घेतलं म्हणतात.

तो फोटो पुढे बऱ्याच ठिकाणी गेला. एक मोठी प्रत दवाखान्यात खुर्चीसमोर लागली. पण ते नंतर. आधी मे महिना आला.

श्रीरंग मला घेऊन घरी गेला तेव्हा बसमध्ये तो भाषण पाठ करत होता. मुद्दे कागदावर लिहिले होते. मी सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर बघत राहिले, कारण हसू न फुटता त्याच्याकडे बघणं शक्य नव्हतं. घरात डॉक्टर आरामखुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. माझ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं, परक्या माणसाकडे बघावं तसं. मी वाकून नमस्कार केला.

श्रीरंग उभाच राहिला. कागद खिशातच राहिला. तो म्हणाला, बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय, आणि मग जे सुटलं ते मुद्द्यांत कुठंच नव्हतं. दोन वर्षं घाबरलो, म्हणाला. तुम्ही नाही म्हणाल म्हणून नाही, तुम्ही एकटे पडाल म्हणून. आई गेल्यापासून आपण दोघं नीट बोललोच नाही, तर हे कसं बोलू, असं वाटायचं. पण ही आहे, आणि मला हिच्याशीच लग्न करायचंय. त्याचा आवाज फुटला होता. मला हसू दाबून ठेवायचं होतं, आणि ते कुठं गेलं तेच कळलं नाही.

डॉक्टरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. चष्मा काढला.

"नाव काय म्हणालास हिचं?" त्यांनी विचारलं.

"दर्शना. दर्शना भुवड."

"बरं," ते म्हणाले. उठले, आत गेले, न्हाणीघराचं दार लावून घेतलं. आतून नळ पूर्ण सोडल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू राहिला.

श्रीरंगनं माझा हात धरला.  "बाबा रडतायत," तो म्हणाला.

 डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी तोंड धुतलेलं होतं आणि डोळे लाल होते. ते थेट श्रीरंगपाशी आले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. ते आत हसत होते, असं मी कितीतरी दिवस धरून चालले होते. आता अकरा वर्षं झाली. हसत होते की रडत, ते अजून मी त्यांना विचारलेलं नाही.